मागच्या पानावरची गाणी

आमची भाची पंधरा वर्षांची, नाशिकला असते, यंदा दहावी. दहावी म्हटल्यावर घरात टीव्हीचा आवाजसुद्धा दोन पॉइंटनी खाली येतो हे वेगळं सांगायला नको. तर मागच्या महिन्यात तिच्या क्लासच्या सरांचा ताईला फोन आला की मुलीच्या वहीच्या मागच्या पानांवर काहीतरी इंग्रजीत लिहिलंय, एकटेपणाबिकटेपणाबद्दल आहे, जरा लक्ष द्या. ताईनं वही बघितली आणि घाबरली, भाऊजींनी बघितली आणि ते चिडले, आणि मग मला फोन, कारण "हिला पोरांशी बोलता येतं" अशी माझी खानदानात उगाचच ख्याती आहे. शनिवारी ठाण्याहून निघाले, दुपारी पोचले, वही हातात घेतली. बिली आयलिशच्या गाण्यांच्या ओळी होत्या. सुंदर अक्षरात, तीन रंगांच्या पेनांनी, काही ओळींच्या खाली मराठीत अर्थ, आणि एका ओळीला बाण काढून बाजूला लिहिलेलं, "सेम".

मी त्या "सेम"वरच अडकले.

घरात तोवर बरंच बोलून झालं होतं. भाऊजींचं म्हणणं, असली रडकी गाणी ऐकून पोरं रडकी होतात. ताईचं म्हणणं, शब्द बघ ना गं कसले कसले. मग परत भाऊजी, की हे सगळं मार्केटिंग आहे, ती तिकडं करोडो कमावतेय आणि आमची इकडं तिच्या नावानं डोळे ओले करतेय. भाची गप्प. या वयात पोरं वाद घालत नाहीत, दार लावून घेतात. रात्री गच्चीवर मला एवढंच म्हणाली, "मावशी, ती खोटं बोलत नाही. बाकी सगळे बोलतात."

आता यातल्या "बाकी सगळ्यां"मध्ये मी पण येते हे मला कळलं, पण ते जाऊ दे.

मी आधीच सांगते, मी भाचीच्या बाजूनं आहे. पण ती जे कारण देते त्या कारणासाठी नाही, आणि भाऊजींचे सगळे मुद्दे काही टाकाऊ नाहीत, म्हणून हे जरा लांबण लावून लिहितेय. तुमच्याही घरात अशी एखादी वही असणार. नावं वेगळी असतील, कुणाकडं बीटीएस, कुणाकडं ऑलिव्हिया रॉड्रिगो, कुणाकडं एमसी स्टॅन, पण मागचं पान सेम.

आधी ही बिली कोण ते, कारण भाऊजींना वाटत होतं की कुणीतरी अंगभर टॅटू काढून स्टेजवर किंचाळणारी बाई असेल. डिसेंबर २००१ चा जन्म, लॉस एंजेलिस, शाळेत गेलेलीच नाही, घरीच शिकली. २०१५ मध्ये तेरा-चौदा वर्षांची असताना तिनं भावानं केलेलं एक गाणं गाऊन ऑनलाइन टाकलं आणि तिथून सगळं सुरू झालं. २०१९ मध्ये पहिला मोठा अल्बम आला तो मुख्यतः त्या भावाच्या, फिनियसच्या, आईवडिलांच्या घरातल्या छोट्या बेडरूममध्ये रेकॉर्ड झालेला. जानेवारी २०२० मध्ये ग्रॅमीचे चारही मुख्य पुरस्कार एकाच रात्री, वय अठरा. आणि गाते कशी, तर कुजबुजत. रात्री घरचे झोपलेत आणि आपण पांघरुणात फोनवर बोलतोय असा आवाज. भयानक स्वप्नं, स्वतःच्या शरीराची लाज, मित्र गमावणं, काही वाटेनासं होणं. तिला टुरेट सिंड्रोम आहे, म्हणजे मानेला डोळ्यांना आपोआप झटके येतात, तेही तिनं लपवलं नाही. लहान वयात, म्हणजे अकराव्या वर्षापासून, पॉर्न बघितल्यानं आपलं काय नुकसान झालं हे तिनं २०२१ मध्ये एका रेडिओ मुलाखतीत सरळ सांगितलं. आता मला सांगा, आपल्याकडं शाळेत या विषयावर कोण बोलतं? आमच्या वेळी नववीच्या पुस्तकातला प्रजननाचा धडा बाईंनी "घरी वाचून या" म्हणून सोडून दिला होता, आणि आम्ही घरी वाचून आलो.

म्हणजे ही पोरगी ज्या गोष्टी बोलते त्या घाण आहेत म्हणून आपल्याला खटकत नाहीत, त्या आपल्या ओळखीच्या आहेत आणि आपण त्या बोललो नव्हतो म्हणून खटकतात. हे मला तरी असं वाटतं.

शब्दांना घाबरायचा इतिहास जुना आहे आणि मजेशीर पण. भाचीच्या फोनवर गाण्याच्या नावापुढं एक छोटा चौकोनी "ई" येतो ना, एक्सप्लिसिटचा, म्हणजे यात नको ते शब्द आहेत अशी सूचना, तो आला कुठून माहितीये? अमेरिकेत टिपर गोर म्हणून एक बाई, नवरा सिनेटर, तोच अल गोर जो पुढं उपाध्यक्ष झाला. तिनं आपल्या अकरा वर्षांच्या मुलीसाठी प्रिन्सची रेकॉर्ड आणली, घरी लावली, त्यातल्या एका गाण्यात नको तो उल्लेख ऐकला आणि हादरली. मग तिच्यासारख्याच वॉशिंग्टनमधल्या वजनदार नवऱ्यांच्या बायका एकत्र आल्या, १९८५ मध्ये संघटना काढली, सगळ्यात घाणेरडी पंधरा गाणी अशी यादी केली आणि असल्या रेकॉर्डींवर सूचनेचं लेबल लावा अशी मागणी केली. यादीत प्रिन्स, मॅडोना, सिंडी लॉपर. १९ सप्टेंबर १९८५ ला थेट सिनेटच्या समितीपुढं सुनावणी. त्या सुनावणीत बोलायला तीन गायक गेले, फ्रँक झापा, डी स्नायडर आणि जॉन डेन्व्हर. डेन्व्हर म्हणजे डोंगरदऱ्यांची गोड गाणी म्हणणारा चष्मेवाला सभ्य माणूस, हा आपल्या बाजूनं बोलेल असं लेबल मागणाऱ्या बायकांना वाटलं असणार, तर तो पण विरोधातच बोलला, कारण त्याच्या डोंगरावरच्या गाण्याला काही रेडिओ स्टेशननी ड्रग्जचं गाणं समजून बंदी घातली होती. आणि स्नायडर, लांब केसांचा मेकअपवाला हेवी मेटलवाला, त्याच्या ज्या गाण्यात बायकांना बांधून मारहाण आहे असा आरोप होता ते गाणं प्रत्यक्षात बँडमधल्या गिटारवाल्याच्या घशाच्या ऑपरेशनवर लिहिलेलं निघालं!

घशाचं ऑपरेशन. म्हणजे मोठ्या माणसांना गाण्यात जे दिसतं ते बऱ्याचदा मोठ्या माणसांच्याच डोक्यात असतं. सरांना मागच्या पानावर मरण दिसलं, मला "सेम" दिसलं.

रेकॉर्ड कंपन्यांनी शेवटी लेबल लावायचं मान्य केलं आणि १९९० पासून तो काळापांढरा शिक्का ठरून गेला. आणि पुढं काय झालं हे कुठल्याही पोराला विचारा, शिक्का आहे म्हणजे आधी तेच ऐकायचं. "बघू नको" लिहिलेलं दार कुणी उघडल्याशिवाय सोडलंय का.

हा वाद चालू असताना आमची आज्जी, म्हणजे ताईच्या सासूबाई, सोफ्यावर बसून शेंगा सोलत होत्या. वय ऐंशीच्या आसपास. त्यांना भाचीनं एका गाण्याचा अर्थ समजावून सांगितला. ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग यात काय एवढं, आमच्या भोंडल्यात नव्हतं होय?"

मी हसले आधी, मग गप्प झाले. खरंच की. नवरात्रात पाटावर हत्ती काढून त्याच्याभोवती फेर धरून सात-आठ वर्षांच्या मुली काय म्हणायच्या आठवून बघा. एका गाण्यात सुनेला माहेरी जायचंय आणि सासू म्हणते आधी कारल्याचा वेल लाव, मग त्याला फूल येऊ दे, मग कारलं येऊ दे, मग भाजी कर, म्हणजे थोडक्यात तू जाऊच नको. दुसऱ्या एका गाण्यात सासर कोंडून मारतं असं सरळ शब्दांत आहे. कोंडून मारतं! हे आम्ही टाळ्या वाजवत म्हणायचो आणि मग खिरापत काय ते ओळखायचो. त्या गाण्याला कुणी "ई" लावला नाही. कारण ते आपलं होतं, जुनं होतं, आणि खरं सांगायचं तर कुणी शब्दांकडं लक्षच देत नव्हतं.

आणि जात्यावरच्या ओव्या तर याच्या पुढं. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ या दोघांनी कित्येक वर्षं गावोगाव फिरून बायकांच्या ओव्या गोळा केल्या, एक लाखाहून जास्त ओव्या, हजाराहून जास्त गावांमधून. पहाटे चारला उठून दळायला बसलेली बाई, समोर फारतर एक जाऊ नाहीतर नणंद, आणि नवरा, सवत, सासू, बाईचा जन्म, भावानं विसरलेली बहीण, सगळं त्या जात्याला सांगितलं जायचं. दिवसा तोंडातून शब्द काढायची सोय नव्हती, गाण्यात चालायचं. गाण्यात बोललेलं कुणी मनावर घेत नाही ही एक मोठी सवलत आहे आणि ती आपल्या बायकांनी शेकडो वर्षं वापरलीय. आता जातं गेलं, पिठाची गिरणी आली, मग तयार पिठाची पिशवी आली. बोलायचं ते कुठं जाणार? इयरफोनमध्ये गेलं. भाची रात्री अकराला पांघरुणात जे ऐकते ते जातंच आहे, फक्त दळतंय दुसरं कुणीतरी, लॉस एंजेलिसमध्ये बसून.

आता इथं मात्र भाऊजींचा मुद्दा येतो आणि तो मी टाळणार नाही, कारण फरक आहे. जात्यावरच्या बाईला त्या ओवीचे पैसे मिळाले नाहीत, नाव मिळालं नाही, फॉलोअर मिळाले नाहीत. तिनं खरं बोलून काही कमावलं नाही, फक्त मन हलकं केलं. आणि आजच्या पॉपमध्ये खरं बोलणं हा माल आहे. कंपनीला माहितीये की सोळा वर्षांच्या मुलीला "ही माझ्यासारखीच आहे" वाटलं की ती गाणं शंभर वेळा ऐकते, टीशर्ट घेते, तिकीट घेते. ऑलिव्हिया रॉड्रिगोचं उदाहरण बघा, २०२१ मध्ये अठराव्या वर्षी तिचा अल्बम आला, प्रेमभंगाची डायरी जशीच्या तशी उघडून ठेवलीय असं सगळे म्हणाले, आणि काही महिन्यांत त्यातल्या एका गाण्याच्या श्रेयात पॅरामोर नावाच्या बँडमधल्या दोघांची नावं वाढली, कारण लोकांना ते गाणं त्यांच्या जुन्या गाण्यासारखं वाटलं होतं. डायरीच्या पानावर दुसऱ्याची सही. (तशी ओवीची चाल पण प्रत्येकीची वेगळी कुठं होती, पण तिथं वकील नव्हते.)

मी हे सगळं भाचीला सांगितलं, म्हणजे जरा फुगा फुटेल या दुष्ट हेतूनंच. तर ती म्हणाली, "माहितीये मला. सगळ्यांना माहितीये. पण पप्पा पण ऑफिसचा पगार घेतात ना, मग ते जे काम करतात ते खोटं असतं का?"

घ्या. पोरांना मार्केटिंग कळत नाही हा मोठ्यांचा गैरसमज आहे, त्यांचा जन्मच जाहिरातीत झालाय. आम्हाला कळायचं नाही, आम्ही साबणाच्या जाहिरातीतल्या बाईला खरंच डॉक्टर समजायचो.

म्हणून "ती खरंच प्रामाणिक आहे की नाटक करते" हा प्रश्न मला फारसा कामाचा वाटत नाही. ते ना भाऊजींना कळणार, ना मला, ना भाचीला, कदाचित तिलाही नीट कळत नसेल. मला जो प्रश्न भाचीनं विचारायला हवाय तो वेगळा आहे. जे बोललं गेलं ते कुणाला ऐकवलं, आणि बोलल्याची किंमत कुणी दिली? "मी दुःखी आहे" असं स्टेजवरून सांगितलं तर आज टाळ्या मिळतात, मिळायलाच हव्यात, पूर्वी त्यालाही जोडे पडायचे. पण ज्याच्या हातात ताकद आहे त्याच्याकडं बोट करून बोललं की काय होतं ते बघायचं.

त्यासाठी मी तिला गच्चीवर शिनेड ओकॉनरची गोष्ट सांगितली. माझ्या पिढीतल्यांना ती आठवेल, टकलू केलेली, मोठ्या डोळ्यांची आयरिश मुलगी, १९९० मध्ये तिच्या एका गाण्यानं जग डोक्यावर घेतलं होतं, ते गाणं मुळात लिहिलेलं होतं त्याच प्रिन्सनं ज्याच्यामुळं तो "ई" आला, योगायोग. तर ३ ऑक्टोबर १९९२. अमेरिकेतला शनिवार रात्रीचा प्रचंड बघितला जाणारा लाइव्ह कार्यक्रम. ती वाद्यांशिवाय बॉब मार्लेचं एक गाणं म्हणते, आणि शेवटी कॅमेऱ्यासमोर पोपचा फोटो धरते आणि फाडते. तुकडे करून टाकते. कॅथलिक चर्चमध्ये मुलांवर होणारे अत्याचार आणि त्यावर घातलेलं पांघरूण, याचा निषेध म्हणून. तो फोटो तिच्या आईच्या खोलीतल्या भिंतीवरचा होता, आणि त्याच आईनं तिला लहानपणी बेदम मारलं होतं, म्हणजे फाडलं ते किती आतलं होतं बघा.

स्टुडिओत एक टाळी नाही. पुढच्याच आठवड्यात त्याच कार्यक्रमात आलेला नट म्हणाला की मी असतो तर तिला एक ठेवून दिली असती, आणि त्यावर लोक हसले, टाळ्या पडल्या. न्यूयॉर्कमध्ये तिच्या रेकॉर्डींवरून रोडरोलर फिरवला. दोन आठवड्यांनी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बॉब डिलनच्या गौरवाच्या कार्यक्रमात ती गायला उभी राहिली तर हजारो लोकांनी हुर्यो उडवली, बॉब डिलनच्या कार्यक्रमाला आलेल्या लोकांनी, ज्यांना बंडखोर गाणी आवडतात म्हणे! ती ठरलेलं गाणं सोडून तेच मार्लेचं गाणं परत म्हणाली, ओरडून, आणि उतरली. वय होतं पंचवीस.

आणि मग? २००२ मध्ये बॉस्टनच्या वर्तमानपत्रानं तिथल्या चर्चमधली प्रकरणं बाहेर काढली. २००९ मध्ये आयर्लंडमध्ये रायन आयोगाचा अहवाल आला, चर्चच्या संस्थांमध्ये मुलांचं काय काय झालं त्याचे हजारो पानांचे पुरावे. ती बरोबर होती. दहा-सतरा वर्षं आधी बरोबर होती. २६ जुलै २०२३ ला ती गेली तेव्हा आयर्लंडमधल्या ब्रे गावात रस्त्याच्या दुतर्फा लोक उभे होते आणि देशाचे राष्ट्राध्यक्ष अंत्यविधीला आले होते.

भाचीनं विचारलं, "मग तिला सॉरी कोण म्हणालं?"

मी म्हटलं पुढं अभ्यासाचं बघ.

माझं म्हणणं असं नाही की बिलीपेक्षा शिनेड मोठी, तसली तुलना म्हाताऱ्यांचा छंद आहे. बिलीसुद्धा बोलते. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कमध्ये एका पुरस्कार सोहळ्यात, समोर मार्क झुकरबर्गसारखे लोक बसलेले असताना, तिनं स्टेजवरून विचारलं की अब्जाधीश आहात तर का आहात, पैसे वाटून टाका, आणि स्वतःच्या टूरच्या कमाईतले १ कोटी १५ लाख डॉलर दिल्याचं त्याच रात्री जाहीर झालं. याचं मला कौतुक आहे. पण तिच्या रेकॉर्डींवरून कुणी रोडरोलर फिरवला नाही, तेही खरंय. काळ बदलला म्हणा, किंवा अब्जाधीशाला टोमणा मारणं पोपचा फोटो फाडण्याइतकं महाग नाही म्हणा.

महाग कुठं पडतं ते बघायला आयर्लंडलाच जायला नको. २०२३ च्या एप्रिलमध्ये आपल्याकडं राज मुंगासे आणि वडाळ्याचा उमेश खाडे या दोन मराठी रॅपरवर त्यांच्या गाण्यांवरून गुन्हे दाखल झाले. एकाच्या गाण्यात खोक्यांचा उल्लेख होता, दुसऱ्याच्या गाण्यात जनतेचे हाल. मोठ्या स्टुडिओतले नाहीत, कंपनी पाठीशी नाही, मोबाइलवर बघितली जाणारी गाणी. राजकारणात तुमची बाजू कुठलीही असो, पण जे राज्य अमर शेख आणि अण्णा भाऊ साठ्यांच्या नावानं सभागृहं बांधतं तिथं पोरांनी चार ओळी यमक जुळवून म्हटल्या तर पोलीस स्टेशन, हे काही बरं दिसत नाही. अर्थात त्या शाहिरांच्या लाल बावटा कलापथकावरही त्या वेळच्या सरकारनं बंदी घातलीच होती, म्हणजे परंपरा जपलीय म्हणायचं.

गंमत अशी की भाचीला हे दोघं माहितीच नव्हते. तिला बीटीएसच्या, सोलमधल्या त्या सात मुलांचे वाढदिवस पाठ आहेत. यात तिचा दोष नाही, तिला शोधणारं अल्गोरिदम लॉस एंजेलिस आणि सोलला ओळखतं, वडाळ्याला नाही.

आता जिथं माझं आणि पोरांचं पटत नाही तिथं येते. "तो खरं बोलतो" म्हणजे "तो बरोबर बोलतो" असं पोरं धरून चालतात. भाचीचा चुलतभाऊ, सतरा वर्षांचा, तो एमसी स्टॅनवाला. पुण्याच्या ताडीवाला रोडवरचा पोरगा, स्टेशनच्या मागची वस्ती, तिथून उठून २०२३ मध्ये बिग बॉस जिंकला, वस्तीची भाषा जशी आहे तशी माइकवर आणली, हे सगळं मला मान्य आहे आणि भारी वाटतं. पुण्यात शुद्धलेखनावरून माणसं तोडतात, तिथं ताडीवाला रोडच्या बोलीला स्टेडियममध्ये टाळ्या मिळतात ही लहान गोष्ट नाही. पण त्याच्या गाण्यांत बाईबद्दल जे येतं त्यातलं बरंच मला पटत नाही, आणि तो चुलतभाऊ म्हणतो, "पण मावशी तिकडं असंच बोलतात, तो खोटं नाही बोलत." अरे हो की, असंच बोलतात, म्हणूनच तर वाईट आहे ना. जे आहे ते सांगितलं इथपर्यंत प्रामाणिकपणा झाला, त्याच्या पुढं ते योग्य का अयोग्य हा वेगळा हिशोब आहे आणि तो ऐकणाऱ्यालाच करावा लागतो. ती शिवी आईबहिणीवरूनच का येते, बापभावावरून का नाही, हा प्रश्न त्याला विचारला तर तो पाच मिनिटं विचार करत बसला. पाच मिनिटं! गाणं बंद कर म्हटलं असतं तर पाच सेकंदात दार आपटलं असतं.

आणि रडकी गाणी ऐकून पोरं रडकी होतात का? भाऊजींचा हा प्रश्न मी हसण्यावारी नेणार नाही, कारण त्यांच्या डोळ्यात भीती होती, राग वरवरचा होता. माझ्या बघण्यात उलटं आहे. पोर आधी उदास असतं, मग तसं गाणं शोधतं, जसं आपण तिखट खाल्ल्यावर पाणी शोधतो, आणि आईबाप पाण्यालाच दोष देतात. पण पोर जेवत नसेल, झोपत नसेल, मैत्रिणी सोडल्या असतील, स्वतःला काही करून घेत असेल, तर मग गाणं हा विषयच नाही, तिथं डॉक्टर लागतो, आणि सरकारची टेली मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, २०२२ पासून सुरू आहे, मराठीत बोलतात. वही जप्त करणं हा त्यावरचा उपाय नाही, वही हा तर एकमेव पुरावा होता की पोर बोलायचा प्रयत्न करतंय. भाचीच्या बाबतीत निघालं काय, तर जिवलग मैत्रीण दुसऱ्या तुकडीत गेली आणि बोलेनाशी झाली. एवढंच. पण "एवढंच" हा आपला शब्द झाला. पंधराव्या वर्षी ती गोष्ट सांगायला तिच्याकडं मराठीत शब्दच नव्हते, कारण आपल्या घरात "काय झालं?" ला "काही नाही" हे एकच उत्तर चालतं, इंग्रजी गाण्यात ते आयते मिळाले आणि तिनं बाण काढून लिहिलं, सेम.

ताईला मी विचारलं, तुला शेवटचं "मला बरं वाटत नाहीये, आणि ताप नाहीये" असं म्हणताना तिनं कधी ऐकलंय? ताई म्हणाली, ते असलं काय बोलायचं पोरांसमोर.

रविवारी भाऊजी मला सोडायला निघाले, गाडीत भाची पण आली, तिला घेऊनच जा असं आज्जींनी सांगितलं होतं. घोटी सुटेपर्यंत कुणी बोललं नाही. मग मीच म्हटलं, लाव गं ते तुझं. तिनं बापाकडं आरशातून बघितलं, भाऊजी काही बोलले नाहीत, तिनं लावलं. अर्धं गाणं झाल्यावर भाऊजी म्हणाले, "ही तर हळू आवाजात गाते." मी म्हटलं हो. परत शांतता. कसारा घाटात शिरल्यावर नेहमीप्रमाणं रेंज गेली आणि गाणं मध्येच तुटलं. दोन वळणं झाली, तीन झाली. भाऊजी समोर रस्त्याकडं बघतच म्हणाले, "पुढं काय म्हणते ती?"

भाचीनं आधी इंग्रजीत सांगितलं. मग जरा थांबून, शब्द शोधत शोधत, मराठीत.